हातचूक

गुरुवारी सकाळी माजी हवालदार जयसिंग डुबल यांच्या नावापुढे 'खुशाल' अशी नोंद झाली. त्या वेळी जयसिंग डुबल मोरीच्या दारात उजव्या कुशीवर पडलेले होते आणि त्यांना उठता येत नव्हतं.

नोंद त्यांनी केली नव्हती, यंत्राने केली होती. यंत्राला ती कशी करायची हे शिकवलं होतं त्यांच्या मुलीने.

वृषालीने सकाळी पुण्यात चहा उकळता उकळता फोन पाहिला, वडिलांच्या नावाशेजारी हिरवा ठिपका दिसला आणि तिने फोन ओट्यावर पालथा ठेवला. पूर्वी ती रोज आबांना फोन करायची. ठिपका सुरू झाल्यापासून फोन रविवारवर गेला होता. तिला त्यात काही वावगं वाटत नसे. रोज तेच विचारायचं आणि रोज तेच ऐकायचं, त्यापेक्षा ठिपका बरा.

दुपारी शोभाकाकींचा फोन आला. आबांच्या शेजारी त्यांची पिठाची गिरण होती. दळण तयार असून आबा न्यायला आले नाहीत, म्हणून त्या डबा घेऊन घरी गेल्या होत्या.

"वृषाली, तू निघ बाळ. आबा बोलंनात."

"बोलत नाहीत म्हणजे? सकाळी तर ते..."

"सकाळी काय?"

सकाळी तर ते खुशाल होते, हे शब्द तिच्या अगदी ओठांवर आले होते.

"काही नाही. दवाखान्यात हलवा. मी निघाले."

*

'खुशाली' योजना सुरू होऊन चार वर्षं झाली होती. तोवर गावं म्हातारी झाली होती. घरं होती, अंगणं होती, पण आत एकेकच माणूस. मुलं पुण्यात, बंगळुरात, नाहीतर परदेशात. अशा एकट्या माणसांच्या फोनवर रोज सकाळी एक फॉर्म उघडायचा. प्रश्न एकच: आज कसं आहे? खाली तीन बटणं. हिरवं 'खुशाल', पिवळं 'बरं नाही', लाल 'मदत हवी'. नजर अधू झालेल्यांसाठी प्रत्येक बटणाला वेगळा आवाज. शेवटी शेऱ्याचा एक रकाना, कुणाला दोन शब्द लिहावेसे वाटले तर. हा रकाना खासगी होता. तो यंत्राने वाचायचा नाही, फक्त घरी जाणाऱ्या आरोग्य सेविकेला तो दिसेल, असा नियम होता आणि तो नियम चांगलाच होता.

राज्यभरातून आलेले हे फॉर्म पुण्याच्या माहिती-कोठारात जमा होत. वृषाली तिथली मुख्य अभियंता. नवीन माणसांना समजावताना ती गावच्या नळपाणी योजनेचं उदाहरण द्यायची. नदीतून पाणी उपसलं जातं, गाळणीतून जातं, टाकीत पडतं आणि मग घरोघर सुटतं. इथेही तसंच. फोनवरून आलेला फॉर्म आधी जसाच्या तसा ठेवला जातो, त्याला 'कच्चा थर' म्हणायचं. मग गाळण्या. एकाच माणसाने एकच फॉर्म दोनदा पाठवला असेल तर दोहोंचा एक करायचा. तारीख चुकली असेल तर सुधारायची. एखाद्या दिवशी फॉर्म आलाच नाही, तर त्या माणसाची सवय, घरातल्या विजेचा वापर, फोनची हालचाल यांवरून अंदाज करून ती जागा भरायची, कारण विसरलेल्या प्रत्येकाच्या घरी सेविका धावू लागली तर खऱ्या आजाऱ्यांकडे कोण जाणार? गाळून जे उरतं तो 'पक्का थर'. संध्याकाळी पक्क्या थरावरून यादी निघते आणि उद्या कुणाच्या दारी जायचं ते सेविकांना कळतं. कच्च्या थरात काय होतं, हे त्यांना दिसत नाही. दिसायची गरजही नाही, असं सगळ्यांचं मत होतं.

सुरुवातीला या प्रवाहात माणसं होती. एका दालनात बसलेल्या मुली प्रत्येक पिवळ्या फॉर्मला फोन करून खात्री करायच्या. "आजी, तुम्ही 'बरं नाही' दाबलंय, काय होतंय?" आणि आजी म्हणायच्या, "मी? मी तर चष्मा शोधत होते." थरथरत्या अंगठ्यांनी चुकीची बटणं दाबली जात. फोन खिशात असताना दाबली जात. नातू सुट्टीला आला की लाल बटणाचा आवाज त्याला फार आवडे. फोन उचलला नाही म्हणून सेविका भर उन्हात स्कूटरवरून जायच्या आणि आजोबा शेंगा फोडत बसलेले दिसायचे. वर तेच विचारायचे, "का आलीस गं बाई? कुणी मेलंय का?" सेविका वैतागल्या. एका जिल्ह्यात त्यांनी कामच बंद केलं.

तेव्हा वृषालीने नवी गाळणी बसवली. नजरचूक असते तशी हातचूक, म्हणून तिचं नाव 'हातचूक' पडलं. कल्पना साधी होती. यंत्र प्रत्येकाची सवय शिकतं. एखाद्याचं उत्तर त्याच्या सवयीत अजिबात बसत नसेल, घरातली वीज रोजच्यासारखी वापरली गेली असेल, फोन रोजच्यासारखा हलला असेल, आणि बटण लागोपाठ दोन-तीनदा दाबलं गेलं असेल, तर ते उत्तर नसून हाताची चूक आहे असं समजायचं. चूक दुरुस्त करायची आणि पुढे पाठवायची. दालनातल्या मुलींना दुसरीकडे कामं दिली गेली. फोनपासून कोठारापर्यंत, कोठारापासून यादीपर्यंत माणसाचा हात कुठेच लागत नव्हता.

या गाळणीच्या सादरीकरणात तिने पडद्यावर आबांची पट्टी लावली होती. योजनेतले तोवरचे सगळे दिवस, एकेका दिवसाला एक चौकोन. सगळे चौकोन हिरवे.

"हे माझे वडील," ती म्हणाली होती. "सैन्यात होते. सियाचिनमध्ये हिमदंशाने पायाची दोन बोटं गेली, त्या आठवड्यात घरी पत्र आलं: इकडे सर्व खुशाल आहे, तुमची खुशाली कळवावी. हा माणूस उद्या पिवळं बटण दाबेल तर ते काय असेल?"

सभागृहातून तीन-चार आवाज एकदम आले. "हातचूक!"

सगळे हसले. तीही हसली. तिचे वरिष्ठ देशमाने सर सर्वांत मोठ्याने हसले आणि त्यांनी गाळणीला तिथल्या तिथे मंजुरी दिली.

त्या पत्राच्या गोष्टीचा पुढचा भाग तिने सभागृहात सांगितला नव्हता. आबा रजेवर घरी आले तेव्हा चार दिवस मोजे काढेनात. थंडी वाजते म्हणायचे. मे महिना होता. शेवटी आईने त्यांना पाटावर बसवलं, स्वतःच्या हाताने मोजा ओढला आणि पायाकडे बघत राहिली. ओरडली नाही, रडली नाही. आत जाऊन वाटीत तेल कोमट करून आणलं आणि पाय मांडीवर घेऊन चोळायला लागली. रजा संपेपर्यंत रोज. छोटी वृषाली दाराच्या चौकटीत उभी राहून ते बघायची. आई पायाकडे बघायची, आणि आबा भिंतीवरच्या कॅलेंडरकडे.

*

दवाखान्यात आबा खाटेवर लहान दिसत होते. उजवी बाजू गेली होती. तोंड एका बाजूला ओढलं होतं. ती आत आली तेव्हा त्यांनी डोळे उघडले, काहीतरी म्हणायचा प्रयत्न केला, आणि घशातून जो आवाज निघाला तो ऐकून स्वतःच दचकले. मग त्यांनी तोंड मिटलं ते मिटलंच.

डॉक्टर तरुण होते आणि दमलेले होते. ते फिरवून बोलले नाहीत.

"वाचा परत येईल असं मी आत्ता सांगू शकत नाही. यांना आधी काही त्रास झाला होता का? हात जड वाटणं, वस्तू हातातून पडणं?"

"नाही. काही नाही."

"नक्की? बहुतेकदा एक-दोन दिवस आधी इशारा मिळतो. तेव्हा आणलं असतं तर बरंच काही टाळता आलं असतं."

"ते रोज फॉर्म भरतात," वृषाली म्हणाली. "सगळे हिरवे आहेत."

डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं, मान हलवली आणि ते पुढच्या खाटेकडे गेले.

बाहेर बाकावर शोभाकाकी बसल्या होत्या. हातात अजून आबांचा पिठाचा डबा. गडबडीत तो ठेवायचं राहूनच गेलं होतं.

"मला काल शंका यायला पायजे होती गं," त्या म्हणाल्या. "काल सकाळपास्नं इस्त्रीचा शर्ट घालून व्हरांड्यात बसलेले. समोर एक खुर्ची पुसून ठेवलेली. म्हटलं, काय आबा, नवरदेवावानी? कुठं दौरा? तर म्हणाले, पाहुणे यायचेत."

"कोण पाहुणे?"

"मी तेच इचारलं. तर हसले नुसते. दुपारी बघितलं तर तिथंच. संध्याकाळी बघितलं तरी तिथंच. जेवलासा का म्हटलं, तर मान हलवली. बोलले न्हाईत. मला वाटलं, पाहुणे आलं न्हाईत म्हणून रागावलेत." काकींनी डबा मांडीवर घट्ट धरला. "तू यायची होतीस का गं?"

"नाही."

"मग कुणाची वाट बघत हुते?"

वृषालीने लॅपटॉपची पिशवी जवळ ओढली. व्हरांड्यात खुर्ची पुसून ठेवावी असा पाहुणा त्या घरी एकच येण्यासारखा होता. तो यादीत नाव आलं तरच येतो.

*

चैत्रात गावच्या यात्रेला ती गेली होती तेव्हा आबांशी याच विषयावर बोलणं झालं होतं. आबा अंगणात बसून बूट पॉलिश करत होते. निवृत्तीनंतरही त्यांचे बूट चमकायचे.

"आबा, फॉर्म भरता ना रोज?"

"भरतो की. सहाच्या ठोक्याला. सलाम ठोकल्यासारखा."

"पण खरं भरता का?"

"तुझ्या मशिनला विचार. ते माझ्यापेक्षा शहाणं आहे म्हणतेस ना."

"मी गंमत करत नाहीये."

आबांनी बुटावर फुंकर मारली. "हे बघ. तुला फोनवर काही सांगायचं म्हटलं तर माझी जीभ वळत नाही. तू लगेच रजा टाकणार, गाडी काढणार, रस्ताभर रडत येणार. तुझी आई तशीच होती. मशिनचं तसं नाही. त्याला सांगितलं तर त्याला रडू येत नाही. ते गुमान पुढं कळवतं, माणूस येतो, औषध देतो, विषय संपला."

"म्हणजे मला सांगणार नाही, पण मशिनला सांगाल?"

"काही झालं तर सांगीन की! झालंय काय मला? घोड्यासारखा आहे." आणि दुसरा बूट तिच्यापुढे सरकवला. "बोलत काय बसलीस? घे, घास."

तिने बूट घासला होता. त्या बोलण्यातून तिने एवढंच घेतलं होतं की आबांना योजना आवडते.

*

दवाखान्याच्या कँटीनमध्ये एका कोपऱ्यात बसून तिने लॅपटॉप उघडला. पक्क्या थरात आबांची ओळ सरळ होती: सोमवार खुशाल, मंगळवार खुशाल, बुधवार खुशाल, गुरुवार खुशाल. बुधवार आणि गुरुवारच्या नोंदींना एक छोटी खूण होती, म्हणजे त्या दिवशी फॉर्म आलाच नव्हता आणि जागा अंदाजाने भरली होती; गुरुवारीही पडण्याआधी त्यांनी गीझर लावलेला दिसत होता. मंगळवारच्या नोंदीलाही खूण होती, पण वेगळी. ती खूण कशाची आहे हे जगात तिच्याइतकं नीट कुणालाच माहीत नव्हतं. तिनेच ती निवडली होती.

कच्चा थर कधीही पुसायचा नाही, हा आग्रहही तिचाच होता.

मंगळवारी सकाळी सहाच्या सुमाराला जयसिंग डुबल यांच्या फोनवरून लागोपाठ तीन फॉर्म आले होते. तिन्ही पिवळे. बरं नाही. बरं नाही. बरं नाही.

यंत्राने काय केलं हे तिला प्रत्यक्ष न बघताही समजत होतं. तीन फॉर्म एकाच माणसाचे, म्हणून त्यांचा एक झाला. चार वर्षांत या माणसाने पिवळं बटण एकदाही दाबलेलं नव्हतं. गीझर रोजच्या वेळी लागला होता, कारण अर्धा हात बधिर असलेला माणूसही सवयीने गीझर लावतो. फोन घरात फिरला होता. आणि बटण लागोपाठ तीनदा दाबलं गेलं होतं, ही तर थरथरत्या हाताची अगदी पक्की खूण. हात खरोखरच थरथरत होता. यंत्राचा अंदाज तिथवर बरोबर होता.

हातचूक. दुरुस्त केली. खुशाल.

शेऱ्याचा रकाना कुलूपबंद होता. तो उघडायला जवळच्या नातेवाइकाची संमती लागे. संमतीच्या चौकटीत तिने स्वतःचं नाव लिहिलं आणि नात्यापुढे 'मुलगी' असं लिहिलं.

पहिल्या दोन फॉर्मचे शेरे कोरे होते. तिसऱ्यात मजकूर होता. अक्षरं मागेपुढे झाली होती, डाव्या हाताने टाइप केल्यासारखी, पण वाचता येत होती.

'उजवा हात जड. पेला सुटला. माणूस पाठवावा. मुलीला कळवू नये.'

कँटीनचा मालक ओरडला, "ताई, चहा गार झाला तुमचा." तिने मान हलवली. पुढचा बराच वेळ ती ते शेवटचं वाक्य वाचत राहिली. आबांनी आयुष्यात पहिल्यांदा खरं सांगितलं होतं, आणि ते ज्याला सांगायचं ठरवलं होतं त्यालाच सांगितलं होतं. एकदा रिपोर्ट दिला की पुन्हा विचारायचं नसतं, वाट बघायची असते, अशा शिस्तीत वाढलेलं ते माणूस. म्हणून बुधवारी इस्त्रीचा शर्ट घालून, खुर्ची पुसून ते व्हरांड्यात बसले होते. सकाळपासून संध्याकाळपर्यंत. तिच्या यंत्राने पाठवायच्या माणसाची वाट बघत.

*

सोमवारी सकाळी ती देशमाने सरांच्या खोलीत गेली. त्यांना सगळं कळलं होतं. ते उठून उभे राहिले.

"डुबल, तू आलीस कशाला? घरी थांबायचंस."

"हातचूक बंद करायची आहे, सर. आज."

ते सावकाश खाली बसले. "तू आत्ता ज्या अवस्थेत आहेस..."

"मी पूर्ण शुद्धीवर आहे. तपासणी करून आले आहे. ज्यांचे फॉर्म दुरुस्त केले त्यांच्यापैकी काही जण आठवडाभरात दवाखान्यात भरती झालेत. आबा एकटे नाहीत."

"किती?"

"थोडेच आहेत. शंभरात दोन."

"म्हणजे शंभरात अठ्ठ्याण्णव वेळा ती खरंच हातचूक होती." ते कठोरपणे नव्हे, थकून बोलत होते. "हे वाक्य तुझंच आहे. तू मला शिकवलंस. ती गाळणी काढली तर उद्या सगळ्या सेविका शेंगा फोडणाऱ्या आजोबांच्या दारात उभ्या असतील. त्या वेळात तिसऱ्याच कुणाचा तरी जीव जाईल. त्याचा हिशोब कोण देणार?"

"फोन करणाऱ्या मुलींना परत बोलवा."

"समितीपुढे ठेवू. महिनाभरात निर्णय होईल."

"महिनाभर आणखी शंभरात दोन?"

टेबलावरचं पेन त्यांनी उघडलं, बंद केलं. मग दाराकडे एकदा बघून खालच्या आवाजात म्हणाले, "माझी आई आहे या योजनेत. सोलापूरला. तिचा कच्चा थर बघता येईल?"

तिने त्यांच्या संमतीने बघितला. पडदा त्यांच्याकडे वळवला. पहिल्या दिवसापासून कालपर्यंत सगळं हिरवं. एकही दुरुस्ती नव्हती, एकही जागा अंदाजाने भरलेली नव्हती. आईने रोज स्वतः फॉर्म भरला होता आणि रोज 'खुशाल' दाबलं होतं.

देशमाने सरांचे खांदे सैल झाले. त्यांनी मोठा श्वास सोडला. तो पूर्ण सुटायच्या आत मध्येच थांबला.

"वृषाली," ते म्हणाले. इतक्या वर्षांत त्यांनी तिला नावाने पहिल्यांदाच हाक मारली असावी. "म्हणजे ती खरंच बरी आहे, की सांगतच नाही?"

"ते यात दिसत नाही, सर."

ते पडद्याकडे बघत राहिले. हिरवे चौकोन, एकाला एक लागून, कुठेही फट नाही.

"कर बंद," ते म्हणाले. "कागद मी नंतर करतो." आणि ती दारापर्यंत पोचायच्या आतच त्यांनी सोलापूरला फोन लावला होता. "आई, मी बोलतोय. नाही, काही झालं नाही. काही झालं नाही गं, सहज केला."

*

गाळणी बंद करायला एक ओळ पुसावी लागली; कोऱ्या जागा अंदाजाने भरणारी ओळही तिने त्याबरोबर पुसली. दुसऱ्या दिवशी याद्या इतक्या लांब निघाल्या की सेविकांना वाटलं यंत्र बिघडलं. कोऱ्या जागा कोऱ्याच राहिल्या. पिवळे फॉर्म पिवळेच पोचले. कुणाचा चष्मा हरवला होता, कुणाचा नातू खेळत होता. आणि अधूनमधून एखाद्या दारात सेविकेला कुणीतरी विचारायचं, "आज आलीस होय? मी मागेच कळवलं होतं." दालनात पुन्हा फोन वाजू लागले. वर्तमानपत्रांनी आधी योजनेच्या गोंधळावर लिहिलं, नंतर गाळणीवर. चौकशी बसली. वृषालीने तिथे सगळं जसंच्या तसं सांगितलं आणि लांब रजा टाकून गावी आली. ती रजा आहे की नोकरी संपली, हे तिने विचारलं नाही आणि तिला कुणी सांगितलं नाही.

आबा घरी आले होते. खाट पुढच्या खोलीत, खिडकीशी लावली होती. डावा हात चालत होता. शोभाकाकी दोन वेळा येऊन जायच्या आणि दारातूनच ओरडायच्या, "काय आबा, परेड कधी?" आबा डाव्या हाताने सलाम करायचे. मग काकी पदर तोंडाला लावून गिरणीकडे पळायच्या.

फोनवर फॉर्म अजून येत होता. पहिले काही दिवस तो तसाच उघडून मिटला. मग एके सकाळी वृषालीने फोन आबांच्या डाव्या हातात दिला.

"आबा, मी ते काढून टाकलंय. तुम्ही दाबाल तेच जाईल आता. कुणी मध्ये बदलणार नाही. मीसुद्धा नाही."

आबा ऐकत होते.

"मंगळवारी तुम्ही कळवलं होतंत. मी वाचलं." तिला पुढचं वाक्य जमेना. तिने परत सुरुवात केली. "आज मलाच कळवायचं म्हणून दाबा. खरं काय ते. मी रडणार नाही."

तिचे डोळे सकाळपासून सुजलेले होते. रात्रभर आबा कण्हत होते, उजव्या खांद्यात कळा येत होत्या, आणि पहाटे त्यांनी पेजेचा एक घोट घेऊन वाटी ढकलली होती. आबा तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. ती बघत असताना ते काही दाबणार नाहीत हे तिला ओळखू आलं. तिने खुर्ची फिरवली आणि भिंतीकडे तोंड करून बसली.

"बघत नाही मी. दाबा."

गिरणीचा पट्टा सुरू झाल्याचा आवाज आला. कुणीतरी रस्त्यावरून सायकल नेली.

मग बटण वाजलं. तीन बटणांचे तीन आवाज तिनेच निवडलेले होते. चुकण्याचा प्रश्न नव्हता. हा पहिल्या बटणाचा होता.

खुशाल.

फॉर्म फोनवरून निघाला आणि कुठेही न अडता, कुणीही हात न लावता, जसाच्या तसा कोठारात जाऊन पडला.

ती वळली. आबांनी फोन पोटावर ठेवला होता आणि डाव्या हाताने चादर ओढत होते. उजव्या हातावर घेत होते. चादर आखूड पडत होती, बोटं बाहेर राहत होती, सुजलेली, आत वळलेली. ते पुन्हा ओढत होते.

वृषाली उठून आत गेली. वाटीत तेल घेतलं, गॅसवर कोमट केलं आणि बाहेर आली. खाटेच्या कडेला बसून तिने चादर बाजूला केली, तो हात उचलून मांडीवर घेतला आणि एकेक बोट सोडवून चोळायला लागली.

आबांनी मान वळवली आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिले.